गरोदर बाईच्या लघवीतली साखर बघता, जंतूही बघा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : गरोदर स्त्रियांच्या लघवीतील जंतुसंसर्गाची वेळेवर तपासणी आणि ती बघूनच अँटिबायोटिक देण्याबाबत

सविनय नमस्कार,

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी प्रयोगशाळेत कल्चरच्या टेबलावर काम करते. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात ते बघणं. डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) केलेली टेक्निशियन आहे. कुणाला कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं, त्यात मी पडत नाही. पण कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे सकाळी इन्क्युबेटर उघडल्यावर डॉक्टरांच्याही आधी मला दिसतं. ते नुसतं रजिस्टरात उतरवून गप्प बसणं आता जमेना. म्हणून आपणा दोघांना हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड.

गरोदर बाईचं माता व बाल संरक्षण कार्ड उघडून बघा. लघवीच्या रकान्यात अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि साखर असतात. दोन्ही तपासण्या गरजेच्याच आहेत. अल्ब्युमिनवरून वाढत्या रक्तदाबाच्या आजाराची चाहूल लागते, साखरेवरून मधुमेहाची शंका येते. जंतू मात्र या दोन्हींत कुठेच दिसत नाहीत. तरीही दोन्हीकडे ‘निल’ लिहून झालं की सिस्टर सांगतात, ‘लघवी नॉर्मल आहे हो तुझी’, आणि बाई निर्धास्त घरी जाते. माझी पहिली हरकत या ‘नॉर्मल’ला आहे.

गरोदरपणात लघवीचा संसर्ग ही किरकोळ बाब नाही, हे आपल्या खात्यातल्या डॉक्टरांना मी सांगायला नको. वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, उजव्या बाजूला जरा जास्तच. लघवी साचून राहते आणि जंतूंना मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत जायला वाट मिळते. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत जळजळ, ताप असली कसलीही तक्रार नसताना जंतू सापडतात. एरवी अशा बिनतक्रारीच्या जंतूंवर औषध देऊ नये असंच वैद्यक सांगतं. गरोदरपण हा त्याला ठळक अपवाद. कारण उपचार न झालेल्या अशा बायकांपैकी वीस ते चाळीस टक्क्यांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झाल्याचं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. मूत्रपिंडात संसर्ग गेला की थंडी वाजून ताप, रक्तात जंतू पसरण्याची भीती, आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका. १९५० च्या दशकात बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी मिलिलिटरमागे एक लाख जंतू हा उंबरठा धरला. आजही आमच्या रिपोर्टवर तोच आकडा असतो. म्हणजे ही माहिती काही काल-परवाची नाही.

आता माझ्या घरातलं. माझी धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती. तिसऱ्या महिन्यातच आरोग्य केंद्रात नाव नोंदवलेलं, लोहाच्या गोळ्या चालू, धनुर्वाताची इंजेक्शनं झालेली. पाचव्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली. आईने ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून सब्जा आणि धन्याचं पाणी दिलं. केंद्रात दाखवलं तर अल्ब्युमिन-साखरेची पट्टी लघवीत बुडवून झाली: निल, निल. मग भाऊ गावातल्या मेडिकलवर गेला आणि सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊन आला. चार गोळ्यांनी जळजळ थांबली, विषय संपला. सातवा संपता संपता हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत असं दुखायला लागलं की तिला वाकता येईना. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तापाचं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा सेफिक्झिम. तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरेना तेव्हा तिला शहरात आणलं, आणि तिच्या लघवीची बाटली माझ्या टेबलावर आली.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीच्या प्लेटवर (जंतू वाढवायची ताटली) जंतूंच्या गुलाबी वसाहती दाटून आल्या होत्या. ई. कोलाय, लाखाच्या वर. ते जंतू दुसऱ्या प्लेटवर पसरून, वर औषधांच्या चकत्या लावून ती आत ठेवली. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू न वाढलेलं रिंगण दिसतं. तिसऱ्या सकाळी उजेडासमोर धरली तर सेफिक्झिमच्या चकतीला अगदी खेटून जंतू वाढलेले, भोवती रिंगणाचा पत्ता नाही. सेफ्ट्रियाक्सोनचं तेच, सिप्रोफ्लॉक्सासिनचं तेच. आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीभोवती चांगलं ऐसपैस स्वच्छ रिंगण. हे औषध स्वस्त आहे, जुनं आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आठवड्याचा कोर्स दोनशे रुपयांच्या आतबाहेर पडतो. पाचव्या महिन्यात कुणी कल्चर लावलं असतं तर बहुधा याच गोळ्यांवर भागलं असतं. पण हे औषध लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. संसर्ग वर गेल्यावर त्याचा उपयोग नसतो. त्यामुळे समोर स्वच्छ रिंगण दिसत असूनही ते देता येईना. शिरेतून मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक सुरू करावं लागलं. ताप उतरला, पण आठव्यात कळा आल्या आणि मुलगी पावणेदोन किलोची झाली, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आज दोघी ठणठणीत आहेत. वेळेआधी कळा येण्याला एकच कारण असतं असं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं आणि मलाही ते मान्य आहे. पण दोन महिने जंतू अंगावर निघाला आणि कार्डावर शेवटपर्यंत ‘निल’ राहिलं, हे काही पुसता येत नाही.

ही एका घरची गोष्ट असती तर मंत्र्यांना पत्र लिहिलं नसतं. असल्याच प्लेटा टेबलावर येत राहतात. म्हणून तक्रारी मांडते.

पहिली, तपासणीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदर स्त्रियांच्या तपासणीबाबत शिफारशी काढल्या. त्यांत लिहिलंय की लघवीच्या मधल्या धारेचं कल्चर करा. ते शक्य नसेल तिथे जागेवर ग्रॅम स्टेन करा, म्हणजे लघवी स्लाईडवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघा, तो पट्टीपेक्षा बरा. आणि जंतू सापडले तर सात दिवस औषध द्या. माझ्या पाहण्यातल्या आरोग्य केंद्रांत कल्चर तर सोडाच, ग्रॅम स्टेनही होत नाही. पट्टी असते तीही दोन खुणांची. नायट्राइट आणि पांढऱ्या पेशी दाखवणारी दहा खुणांची पट्टी बाजारात मिळते, पण ती मागवली जात नाही. आणि मागवली तरी तिच्यावर विसंबून चालणार नाही, कारण लघवी काही तास मूत्राशयात थांबलेली नसेल तर नायट्राइट उमटत नाही, आणि काही जंतू ते मुळात तयारच करत नाहीत. ग्रॅम स्टेनला काय लागतं? चार बाटल्या रंग-रसायनं, एक स्लाईड आणि सूक्ष्मदर्शक. मलेरियाच्या आणि क्षयाच्या स्लाईडी बघणारं सूक्ष्मदर्शक केंद्रात आहे, त्या रंगवणारा माझ्यासारखाच टेक्निशियन आहे. पैसे नाहीत ही सबब इथे चालणार नाही.

दुसरी, नमुना कसा घ्यायचा हे बाईला कुणी सांगत नाही. ‘लघवी घेऊन या’ एवढंच. मग खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली येते, कधी चहाच्या पेल्यातून ओतलेली. आधीची थोडी सोडून मधली धार घ्यायची, झाकणाला आतून हात लावायचा नाही, हे दोन वाक्यांचं काम आहे. पण ती बाई जाणार कुठे? केंद्रातल्या बाथरूमला कुलूप आणि चावी शिपायाकडे, शिपाई जेवायला गेलेला. उघडं असलं तर पाणी नाही. आणि घेतलेला नमुना दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे, नाहीतर थंड ठेवला पाहिजे, कारण बाटलीतच जंतू वाढत राहतात. लसींच्या फ्रिजमध्ये लघवी ठेवता येत नाही, ठेवूही नये. बोरिक ॲसिड घातलेल्या बाटल्या मिळतात, त्यांत नमुना चोवीस तास टिकतो. रक्ताचे नमुने तालुक्याला-जिल्ह्याला नेणारी गाडी असते, तीच या बाटल्या नेईल.

तिसरी तक्रार पहिलीच्या नेमकी उलटी आहे आणि ती खासगी दवाखान्यांचीही आहे. लघवीच्या साध्या तपासणीत ‘पस सेल्स (पांढऱ्या पेशी) ८ ते १०’ आलं की लगेच अँटिबायोटिकची चिठ्ठी फाटते. गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातं, मधली धार नीट घेतली नसेल तर त्या पेशी तिथूनच येतात. कल्चर लावलं तर कित्येकदा काही वाढत नाही, किंवा तीन-चार जातींचे जंतू मिसळलेले वाढतात, म्हणजे नमुनाच खराब. बाईने तोवर पाच दिवसांच्या गोळ्या संपवलेल्या असतात. काही नमुने तर दोन डोस पोटात गेल्यावर आमच्याकडे येतात. मग आमचा ‘वाढ नाही’ हा रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नसतो. ज्या बाईला गरज आहे तिला औषध मिळत नाही, जिला गरज नाही तिला मिळतं. हा दुहेरी घोळ एका कल्चरने सुटतो, आणि आमच्या लॅबमध्ये त्याचे साडेचारशे रुपये पडतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून गरोदर बाईच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत असायला हव्यात. मग हे साडेचारशे तिने का भरायचे?

चौथी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. सेफिक्झिम हे औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये आहे. १ मार्च २०१४ पासून ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकलं तर रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, संख्या वेगळ्या वहीत उतरवून ती वही तीन वर्षं जपायची असते. पाकिटावर लाल रेघ असते ती यासाठीच. माझ्या जावेच्या त्या चार गोळ्या कोणत्या वहीत असतील? नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन हीसुद्धा चिठ्ठीचीच औषधं, आणि गरोदरपणात शक्यतो टाळायची. पण काउंटरवर येतो नवरा. ‘बायकोला लघवीला आग होतेय’ म्हणतो आणि स्ट्रिप घेऊन जातो. तिला दिवस गेलेत का, हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. केरळ सरकारने जानेवारी २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांविरुद्ध ‘ऑपरेशन अमृत’ नावाने मोहीम उघडली, ग्राहकांनाच तक्रार करायला सांगितलं. कायदा तिथे आणि इथे एकच आहे.

आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की ई. कोलाय तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनना (सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन यांचा गट) आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही, आणि लघवीतल्या ई. कोलायवर नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन अजून बऱ्यापैकी चालतात. ते आकडे मोठ्या रुग्णालयांचे असतात, गावचे कदाचित एवढे वाईट नसतील. पण गावचे आकडे काढायला गावात कल्चर व्हायला हवं ना!

पाचवी, कोणतं औषध कोणत्या महिन्यात, याचा एक कागदही केंद्रात भिंतीवर नाही. ट्रायमेथोप्रिम फॉलिक ॲसिडच्या आड येतं म्हणून पहिल्या तीन महिन्यांत टाळायचं. सल्फा शेवटी शेवटी नको, बाळाची कावीळ वाढण्याची भीती. नायट्रोफ्युरँटॉइन दिवस भरत आल्यावर द्यायचं नाही, आणि जी-सिक्स-पीडी या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाईला तर कधीच नाही, रक्तपेशी फुटतात. ही कमतरता आपल्या आदिवासी भागात आढळते, हे विसरून चालणार नाही. सिकलसेलचा अंश असलेल्या बायकांच्या लघवीत जंतू जास्त सापडतात. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मग त्यांना निदान औषधं तरी हाताशी द्या.

ऊसतोडीच्या बायकांबद्दल वेगळं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण दिवाळीनंतर आमच्या भागातली गावंच्या गावं रिकामी होतात. पोटुशी बाई कोयत्याबरोबर फडात जाते. पहाटे अंधारात एकदा आडोशाला जायचं, मग दिवसभर पाणी कमी प्यायचं, कारण फडात जायला जागा नसते. कार्ड गावी ट्रंकेत. कारखान्याच्या हद्दीतल्या केंद्रात तिची नोंद नाही, गावच्या आशाताईला ती कुठल्या जिल्ह्यात आहे याचा पत्ता नाही. ओटीपोटात दुखतंय, आग होतेय या तक्रारी अंगावर काढायच्या. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी सगळ्यांनी ऑपरेशनं मोजली. पण ऑपरेशनपर्यंत गेलेल्या कित्येक बायकांची सुरुवात पांढरं जाणं आणि ओटीपोट दुखणं अशा साध्या तक्रारींनीच झाली होती. त्या तक्रारींची साधी तपासणी फडाजवळ कुठे होते, हे आजही विचारावंसं वाटतं.

एक आक्षेप येईल, तो मीच मांडते. नेदरलँड्समधला २०१५ चा एक अभ्यास आहे. लघवीत जंतू असूनही उपचार न झालेल्या गरोदर बायकांपैकी तिथे जेमतेम २.४ टक्क्यांना मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. मग सगळ्यांची तपासणी कशाला, असं काही तज्ज्ञ विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या बायका निवडून घेतलेल्या, कमी जोखमीच्या होत्या, मधुमेह नसलेल्या, आणि ताप आला की तासाभरात चांगल्या दवाखान्यात पोचणाऱ्या देशातल्या. शिवाय त्यांच्यातही जंतू नसलेल्यांना तो संसर्ग झाला ०.६ टक्के, म्हणजे फरक चौपट होता. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने हा अभ्यास समोर असतानाही २०१९ मध्ये गरोदरपणात कल्चर करण्याची शिफारस कायम ठेवली. आपल्याकडच्या फडातल्या बाईला डच आकडा लावायचा असेल तर आधी तिला डच दवाखाना द्या.

आता मागण्या.

गरोदरपणाची नोंदणी होते तेव्हाच, पहिल्या तिमाहीत किंवा जास्तीत जास्त चौथ्या महिन्यात, प्रत्येक बाईचं लघवीचं कल्चर एकदा मोफत करा. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात करा. तोवर प्राथमिक केंद्रात ग्रॅम स्टेन लावा, आणि ज्यांना आधी असा त्रास झालाय, मधुमेह आहे, सिकलसेल आहे, किंवा आत्ता जळजळ वा ताप आहे, त्यांचं कल्चर कुठल्याही परिस्थितीत झालंच पाहिजे. जंतू सापडले तर कोर्स पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा कल्चर करा, कारण ते परत येतात.

नायट्रोफ्युरँटॉइन आणि सेफॅलेक्सिन केंद्रात, फॉस्फोमायसिन ग्रामीण रुग्णालयात शिल्लक असेल असं बघा. महिन्यानुसार काय द्यायचं आणि काय टाळायचं याचा मराठीतला एक पानी तक्ता आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञांकडून करून घ्या. ताप आणि कुशीत दुखणं असलेल्या गरोदर बाईला गोळ्या देऊन घरी न पाठवता भरती करा, हे त्यात पहिल्या ओळीत असू द्या. प्रत्येक जिल्ह्यात कोणतं औषध किती चालतंय याचा तक्ता वर्षातून एकदा जाहीर करा. खासगी लॅबकडून आकडे मागा, नावं झाकून आम्ही देऊ. बाथरूम उघडं ठेवा, पाणी ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या हद्दीतल्या केंद्राने बाहेरगावच्या गरोदर बाईचं कार्ड नसलं तरी तिची तपासणी करावी, असा लेखी आदेश काढा.

अन्न व औषध प्रशासनाने एच-१ च्या वह्या तपासाव्यात आणि त्या तपासणीत काय आढळलं ते जिल्हावार प्रसिद्ध करावं. दुकानदारांशी माझं वैर नाही. चिठ्ठी मागणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो आणि न मागणारा कमावतो, हे बदलणं आपल्या हातात आहे.

या सगळ्याला निधी लागेल, निविदा निघतील, वेळ जाईल, हे मला कळतं. म्हणून एक काम असं सांगते ज्याला पैसा लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं शिबिर भरतं. पुढच्या शिबिराआधी एक परिपत्रक काढा : अल्ब्युमिन आणि साखर बघून कुठल्याही बाईला ‘लघवी नॉर्मल’ सांगायचं नाही आणि कार्डावर तसं लिहायचं नाही. जिथे जंतू तपासलेले नसतील तिथे ‘जंतुतपासणी झालेली नाही’ एवढं मराठीत लिहायचं, आणि जळजळ, वारंवार लघवी, थंडीताप किंवा कुशीत दुखतंय का हे तिला विचारून तेही नोंदवायचं.

परिपत्रक निघालं की त्याचा क्रमांक आणि तारीख मला कळवावी. निघणार नसेल तर का, तेही लेखी कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
कल्चरच्या टेबलावरची एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मराठवाडा